सतरा नंबरचा सेट

१२ जानेवारी

धाकट्या,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. फाडणार असशील तर पुढचा परिच्छेद वाचून फाड, कारण त्यात कामाचा प्रश्न आहे.

टॅक्सी कंपनीने रेडिओ बंद केले. भाडी आता ड्रायव्हरांच्या मोबाइलवर येतात. कंट्रोलच्या केबिनमध्ये, बाबा जिच्यावर बसून गाड्यांना पुकारायचे त्या खुर्चीवर हल्ली सॅनिटायझरचे कॅन असतात म्हणे. गाड्यांमधून काढलेले सेट भंगारात जाणार होते. त्यातले चार गॅरेजच्या वायरमनने मला आणून दिले. मला ते हौशी रेडिओवाल्यांच्या बँडवर चालवायचे आहेत. का, ते विचारू नकोस. प्रश्न असा: सेट लॅपटॉपला जोडला की प्रोग्रॅम नुसताच फिरत बसतो आणि शेवटी सेट सापडत नाही असं म्हणतो. वायरमन म्हणतो, पासवर्ड असणार, आणि असेल तर तो तूच घातला असणार, कारण कंपनीच्या सगळ्या सेटांत चॅनेलं तूच भरायचास. पासवर्ड काय आहे?

माझं लॅबमधलं काम चालू आहे. लोकांचे दात पडतायत तोवर कवळ्या लागणारच. बाबा बरे आहेत.

ताई


३ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं कार्ड मिळालं. 'पासवर्ड नाही. केबल चुकीची आहे. मागून नाही, माइकच्या खोबणीतून जोड.' एवढ्या वर्षांनी आलेलं पत्र म्हणून थोडं त्रोटकच, पण एकही शब्द वाया नाही. दुसरी केबल मागवली, माइकच्या खोबणीत घातली आणि सेट उघडला. कंपनीची सगळी चॅनेलं अजून आत होती. एक नंबरच्या चॅनेलला तू 'बाबा' असं नाव दिलेलं होतंस. ती सगळी पुसली. आपल्याला ज्यांवर बोलायची परवानगी नाही ती आत ठेवायची नाहीत, असा दंडक आहे.

हा दंडक घालणाऱ्या बाई म्हणजे आमच्या इथल्या रेडिओ क्लबच्या सेक्रेटरी. त्या हॉस्पिटलात भूल देतात. सगळे त्यांना भूलबाई म्हणतात, त्याही स्वतःला तेच म्हणवतात. जुना प्रोग्रॅम चालेल असा जुनाट लॅपटॉप त्यांचाच. मी चारही सेट त्यांच्याकडे घेऊन गेले, तर त्यांनी वर बघितलंच नाही, चारही उलटे केले. म्हणाल्या, "आधी पाठीवरचं स्टिकर वाचायचं, मग प्रेमात पडायचं." हे सेट धंद्यासाठी बनवलेले. आपल्या बँडच्या शेजारी काम करणारे, पण प्रत्येक जण खाली आपल्या बँडवर उतरतोच असं नाही. आमच्या चारांपैकी दोन उतरत नाहीत. ते आता घड्याळाशेजारी शोभेला आहेत. बाकीचे दोन निमूट उतरले. या सेटांना चकती फिरवून स्टेशन शोधणं माहीत नाही. जेवढं भराल तेवढंच त्यांना येतं. पण जे येतं ते पक्कं. मला ही तऱ्हा आवडली.

लायसन्स मिळेपर्यंत बटण दाबायचं नाही. ऐकायला हरकत नाही. परीक्षा पुढच्या महिन्यात आहे.

बाबा बरे आहेत असं मी लिहिलं होतं. चालतात, जेवतात, दाढी स्वतः करतात. बोलत नाहीत. पावसाळ्यात मेंदूत गुठळी झाली. त्यांना सगळं समजतं, शब्द मात्र तोंडापर्यंत येत नाहीत. वाचा-उपचाराच्या बाई आठवड्यातून एकदा येतात आणि त्यांना कप, चमचा, खिडकी अशी चित्रं दाखवतात. बाबा चित्राकडे बघतात, मग बाईंकडे बघतात आणि मग मान फिरवतात. तुला कळवलं नाही कारण कळवून तू आला नसतास तर ते मला माहीत होऊन बसलं असतं.

वायरमन पहिल्यांदा त्यांना भेटायला आला तेव्हा त्याच्या काखेत एक सेट होता. बाबांनी त्याच्यावर हात ठेवला आणि वायरमन जायला निघाला तरी उचलेनात. शेवटी तो सेट ठेवूनच गेला. सेट का घेतले, याचं उत्तर एवढंच.

ताई


१९ मार्च

धाकट्या,

परीक्षा पास झाले. माझ्या शेजारी बसलेला पोस्टमन नापास झाला, त्यामुळे मला मोठ्याने आनंद करता आला नाही. कॉल साइन आली आहे. क्लबात आता मला नावाने कोणी हाक मारत नाही, अक्षरांनी मारतात.

उभारणी सांगते, म्हणजे काही चुकत असेल तर तू कळवशील. सेट बाबांच्या खोलीत आहे, खिडकीखालच्या टेबलावर. गाडीच्या बॅटरीऐवजी भूलबाईंनी उसना दिलेला पॉवर सप्लाय, तो पोळपाटाएवढा आहे आणि दगडासारखा जड. आधी मी लॅबमधला छोटा लावून बघितला. ऐकण्यापुरता चालला, पण बोलायला बटण दाबलं की सेटचा दिवाच मालवायचा. अँटेना म्हणजे पितळी सळी, माझ्या हातापेक्षा थोडी कमी लांब, गच्चीच्या कठड्याला लावलेली. ती मी मुद्दाम लांब ठेवून मीटर बघत बघत कानशीने कमी करत आणली. कवळी बसवताना करतो तसंच. घासता येतं, जोडता येत नाही.

रोज संध्याकाळी क्लबची हजेरी असते, डोंगरावरच्या रिपीटरवरून. रिपीटर आपला आवाज उचलतो आणि डोंगराच्या दोन्ही बाजूंना टाकतो. हजेरी म्हणजे एकाने पुकारायचं आणि बाकीच्यांनी हजर म्हणायचं. प्रत्यक्षात सगळे एकदमच बोलतात आणि कोणाचंच काही कळत नाही. परवा तसंच चाललं होतं. पुकारणारे गृहस्थ बिचारे "कोण? कोण?" एवढंच म्हणत होते. मी कपडे घडी करत होते. बाबा उठले, हूकवरचा माइक काढला, बटण दाबलं आणि म्हणाले,

"एकेक."

सगळं चॅनेल गप्प झालं.

आपला कंट्रोलचा आवाज. थोडा घोगरा, पण तोच. मग त्यांनी बटण सोडलं, माइक हूकवर ठेवला आणि येऊन पलंगावर बसले. माझ्या हातातला टॉवेल मी किती वेळा घडी केला कोणास ठाऊक. नियमाचं म्हणशील तर लायसन्सवाला शेजारी असेल तर दुसऱ्याला त्याच्या कॉल साइनवर बोलता येतं. मी शेजारीच होते, त्यामुळे सगळं कायद्यात बसलं.

ताई


२२ एप्रिल

धाकट्या,

आता हजेरी बाबाच घेतात. क्लबाने ठराव वगैरे केला नाही. दुसऱ्या दिवशी पुकारणाऱ्या गृहस्थांनी स्वतःच विचारलं, ते कालचे एकेकवाले आहेत का.

मी कॉल साइनची यादी त्यांच्यासमोर ठेवते, ते एकेकावर बोट ठेवून पुकारतात. "बोला." "ऐकतोय." "पुन्हा सांगा." "पुढचा." "ओव्हर." एवढ्यावर अख्खी हजेरी निघते. माइक हूकवर गेला की पुन्हा मुके. मी वाचा-उपचाराच्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, जे शब्द माणूस वर्षानुवर्षं न विचार करता बोलला ते डोक्यात वेगळ्या ठिकाणी असतात, ते कधीकधी शाबूत राहतात. दुसरं म्हणजे रेडिओवर कोणी मध्ये तोंड घालत नाही. समोरच्याला बटण सुटेपर्यंत थांबावंच लागतं. घरात आपण कोणीच थांबत नाही. हे शेवटचं बाई म्हणाल्या नाहीत, मी म्हणते आहे. बाईंनी आता कप आणि चमचा दाखवणं बंद केलंय आणि हजेरीच्या वेळेला येऊन बसतात.

तुझं दुसरं कार्ड आलं. 'बाबा माइक ओठांना लावून बोलतात, आवाज फाटतो. चार बोटं लांब धरायला सांग. बटण लवकर सोडतात, शेवटचा शब्द कापला जातो.'

म्हणजे तू ऐकतोस. डोंगराच्या पलीकडून, तू काम करतोस त्या बस डेपोतून का खोलीतून, आणि कुठल्या सेटवर, ते मी विचारत नाही.

तुझं नाव न घेता बाबांना एवढंच सांगितलं, की पलीकडून एका ऐकणाऱ्याचा निरोप आहे, माइक चार बोटं लांब धरा. बाबांनी आपली चार बोटं ओठ आणि माइक यांच्यामध्ये धरली आणि माझ्याकडे बघितलं. नव्या ड्रायव्हरला ते असंच शिकवायचे. मी यादीकडे बघत राहिले. तेव्हापासून हजेरी संपली की "आणखी कोणी?" असं म्हणून ते थांबतात. पूर्वीपेक्षा जरा जास्त थांबतात. लायसन्स नसताना तू बोलणार नाहीस, हे मला माहीत आहे. त्यांनाही असावं.

ताई


२८ मे

धाकट्या,

हे पत्र जरा लांबेल.

आमचा चालता सेट भूलबाईंनी तपासायला नेला. त्या काळात दुसरा लावला. पाठीवर पांढऱ्या रंगाने आकडा होता, सतरा. मी तो मुद्दाम लावला असं समजू नकोस. दोनच सेट बँडवर उतरले होते, त्यातला हा उरलेला.

दुपारपासून सेट चालू होता आणि खिडक्या उन्हामुळे बंद. संध्याकाळी हजेरी सुरू झाली. बाबांनी तीन-चार जणांना पुकारलं, त्यांची उत्तरं आली. पुढच्याला पुकारलं, उत्तर नाही. पुन्हा पुकारलं. नाही. त्याच्या पुढच्याला पुकारलं, तेही नाही. बाबा चिडले. त्यांची मान लाल होते तशी झाली. सेटचा हिरवा दिवा चालू होता. तेवढ्यात माझा फोन वाजला. भूलबाई विचारत होत्या, "तुमचे बाबा उत्तर का देत नाहीत? सगळे कधीचे हजर हजर म्हणतायत. एकाचं तर कंट्रोल झोपले वाटतं असंसुद्धा म्हणून झालं."

म्हणजे आमचं बोलणं बाहेर जात होतं, पण बाहेरचं आत येत नव्हतं. मी ते जसंच्या तसं बाबांना सांगितलं. झोपले वाटतं, हेही सांगितलं.

बाबांनी माइक ठेवला आणि सेटवर हात ठेवला. तो चांगलाच तापला होता. त्यांनी सेट बंद केला, खिडकी उघडली आणि समोर बसून राहिले. गार झाल्यावर लावला. डोंगरावरचा रिपीटर अधूनमधून आपली खूण वाजवतो, ती ऐकू आली. मग बाबांनी खिडकी लावून घेतली आणि वाट बघितली. सेट तापला, खूण येईना. पुन्हा बंद, पुन्हा गार, पुन्हा खूण. दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले तेव्हाही ते हेच करत होते. जेवणाचं ताट झाकलेलंच होतं.

रविवारी मी आणि भूलबाईंनी सेट स्वयंपाकघरात नेऊन उघडला. कथलाच्या एका डागाच्या भोवती केसाएवढी गोल चीर आहे. थंड असताना दोन्ही कडा टेकलेल्या असतात, तापल्या की सुटतात. भूलबाईंना ती दिसलीच नाही. मला दिसली, कारण कवळ्यांवरच्या चिरांखेरीज दिवसभर मी दुसरं काय बघते? गॅरेजमध्ये सेट काढून टेबलावर ठेवला की तो गार होत असणार आणि नीट चालत असणार. म्हणून तू तक्रार केलीस तेव्हा वायरमनला काही सापडलं नाही.

तू गेलास त्या दिवसाबद्दल आपल्या घरात कोणीच कधी नीट बोललं नाही. मी लॅबमध्ये होते. मला जे माहीत आहे ते ड्रायव्हरांकडून. डायलिसिस करून बाहेर आलेल्या एका गिऱ्हाईक आजींना हॉस्पिटलच्या दारातून घ्यायचं होतं. बाबा सतरा, सतरा म्हणून तुझ्या गाडीला पुकारत राहिले आणि तू उत्तर दिलं नाहीस. आजी दुपारभर पायरीवर बसून राहिल्या आणि शेवटी चक्कर येऊन पडल्या. संध्याकाळी तू गाडी घेऊन आलास आणि म्हणालास, सेट मुका झाला होता. बाबा म्हणाले, माझे सेट मुके होत नाहीत, माणसं झोपा काढतात. आणि ते म्हणताना त्यांचं बोट बटणावर होतं. दाबलेलं. प्रत्येक गाडीत ऐकू गेलं. तू निघून जा, असंही त्यांनी बटण न सोडताच सांगितलं. चुकून की मुद्दाम, यावर ड्रायव्हरांमध्ये दोन तट होते. मला विचारशील तर मुद्दाम.

सेट उघडलेला असताना बाबा माझ्या खांद्यावरून बघत होते. मी चिमट्याच्या टोकाने चीर दाखवली. ते खूप वेळ बघत राहिले, मग आपल्या खोलीत गेले. त्या संध्याकाळी हजेरी घेतली नाही. मी घेतली.

चिरेवर नवा डाग द्यायचा आहे. दोन मिनिटांचं काम आहे, पण अजून केलेलं नाही. करू का, ते तू सांग.

ताई


१७ जून

धाकट्या,

'डाग देऊन टाक. रविवारी येतो.' हे कार्ड मी बाबांना वाचून दाखवलं होतं. त्यांनी शनिवारीच दाढी केली आणि रविवारी पुन्हा केली.

तू येऊन गेलास त्याला आता दोन-तीन दिवस झाले. जे तुझ्यादेखत झालं ते तुला सांगण्यात अर्थ नाही, पण अर्धा वेळ तू खाली गाडीत होतास. वर काय झालं ते तुला माहीत असलं पाहिजे.

तुम्ही दोघं समोरासमोर बसलात तेव्हा मी चहा घेऊन आत आले. बाबांचं तोंड उघडत होतं आणि मिटत होतं. तू भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होतास, ते मागच्या वर्षीचं आहे. त्यांनी स्वतःच्या गुडघ्यावर मूठ आपटली. तुला ते रागाचं वाटलं असणार. तू कप तसाच ठेवून "येतो मी" म्हणालास आणि उठलास. ते रागाचं नव्हतं. त्यांना शब्द सापडला नाही की ते गुडघ्यावर मारतात. हे मी तुला त्याच वेळी सांगायला हवं होतं, पण माझ्या हातात ट्रे होता आणि मला सुचलं नाही.

जिन्यात भूलबाई भेटल्या नसत्या तर तू गेलाच असतास. त्या बाबांची चौकशी करायला आल्या होत्या. तुला थांबवून त्या काय म्हणाल्या ते मला वर ऐकू आलं: "माझ्या गाडीत सेट आहे. मी शेजारी बसते, तुम्ही बोला." भूल देणाऱ्या माणसाला नाही म्हणायची सोय नसते.

मी खिडकीतून तुम्हाला गाडीत बसताना बघितलं. बाबांच्या हातात माइक दिला आणि सेट थेट बोलायच्या चॅनेलवर लावला. त्यावर गल्लीपुरतंच ऐकू जातं, दुसऱ्या कोणाला कळायचं कारण नाही. बाबांनी बटण फिरवून पुन्हा एक नंबरचं चॅनेल लावलं, डोंगरावरचं.

"बाबा, तिथे सगळे ऐकतात," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. "सगळे," ते म्हणाले.

मग मी भूलबाईंना फोन करून तेच चॅनेल लावायला सांगितलं. तेव्हा तू माझ्यावर चिडला असशील. तो निर्णय माझा नव्हता.

"सतरा, सतरा, कंट्रोल." तू "बोला, कंट्रोल" म्हणालास. त्यानंतर तुला खूप वेळ काहीच ऐकू आलं नाही. बटण दाबलेलं होतं, हे तुला कळलंच असेल, तुला ते सांगायला नको. त्या वेळात बाबा उभे राहिले होते. डाव्या हाताने त्यांनी टेबल धरलं होतं. मला वाटलं पडतात की काय, म्हणून मी पुढे झाले, तर त्यांनी कोपराने मला मागे सारलं. मग तू जे ऐकलंस ते.

"सेट... सेट मुका होता. तू खरा. माझं चुकलं. ओव्हर."

तू उत्तर द्यायला किती वेळ घेतलास! बाबा स्पीकरकडे बघत उभे होते, जसं काही त्यातून तूच बाहेर येणार होतास. आणि चॅनेलवर दुसऱ्या कोणीही बटण दाबलं नाही. रविवारची सकाळ, निम्मा क्लब सेट लावून बसलेला असतो. या लोकांना मी इतका वेळ गप्प बसलेलं कधी ऐकलं नाही.

"समजलं, कंट्रोल," तू म्हणालास. "मला तेव्हाच माहीत होतं. तुम्हाला कळायला हवं होतं, एवढंच. ओव्हर."

बाबा खाली बसले. त्यांचे डोळे पाझरत होते, पण ते हल्ली तसेही पाझरतात, त्यामुळे त्यावरून मी काही ठरवत नाही. नंतर तुमचं बसच्या वायरिंगबद्दल जे चाललं त्यातलं मला निम्मं कळलं नाही. बाबा "पुन्हा सांगा" म्हणायचे आणि तू पुन्हा सांगायचास. मी मागच्या खोलीत जाऊन बसले. मग तुझी ड्यूटीची वेळ झाली आणि भूलबाई तुला तशाच स्टँडवर सोडून आल्या. तू पुन्हा वर आला नाहीस. मला वाईट वाटलं. नंतर वाटलं, एका दिवसात एवढं पुरे.

आता खरं सांगायचं ते. तुमची गाडी वळणावरून दिसेनाशी झाली. बाबांनी माइक हूकवर ठेवला, सेट बंद केला, चष्मा पुसला. मग माझ्याकडे वळून, हातात काहीही नसताना, म्हणाले, "जेवला का तो?"

तीन शब्द, आणि एकही कंट्रोलचा नाही. वाचा-उपचाराच्या बाईंना मी सांगितलं तेव्हा त्यांनी मला दोनदा म्हणायला लावलं.

मी म्हटलं, नाही जेवला. ते म्हणाले, "विचारलं नाहीस?" मी म्हटलं, तुम्हीही नाही विचारलंत. त्यावर ते हसले. मग स्वयंपाकघरात गेले, मांडलेली तीन ताटं बघितली आणि त्यातलं एक स्वतःच उचलून परत फळीवर ठेवलं.

म्हणून आता विचारते. येत्या रविवारी जेवायलाच ये. गाडीत नाही, वर. बोलायचं कुठून, ते तुम्ही दोघं जेवण झाल्यावर ठरवा.

ताई